शेजारच्या सीटवरचा मास्तर

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, कपडे शिवणारा. दुकानात पुढे काउंटर, त्यामागे पायाने चालवायचं शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले बिनबाह्यांचे शर्ट, आणि मागचं दार उघडलं की एकदम दुसरंच जग. तिथे अंगणात जॅकवर चढवलेली एखादी मोडकी पिकअप, रिकाम्या डब्यांत भरलेले नटबोल्ट, टायरांची चळत आणि भिंतीवर ओळीने लटकवलेले पाने, दुकानातल्या कात्र्यांइतक्याच निगुतीने पुसलेले. पुढच्या दाराने येणारा त्याला मास्तर म्हणायचा आणि मागच्या फाटकाने येणाराही मास्तरच म्हणायचा. पण मागच्या हाकेत आदर जरा जास्त असायचा, आणि मास्तरला तो कळायचा.

छंद कसा लागला हे कुणाला नीट आठवत नाही. भंगारवाल्याच्या आवारात एक पिकअप सडत पडली होती, हौद्यात गवत उगवलेलं, दारं दोरीने बांधलेली. मास्तर तिथे शिलाई मशीनचा एक जुना भाग शोधायला गेला आणि गाडी घेऊन आला. तीही भंगाराच्या भावात, अडून बसलेल्या बैलासारखी ओढून आणलेली. “माणसाला व्यसन हवंच असेल तर पत्त्यांचं असावं,” बायको म्हणाली, “निदान पत्ते खिशात मावतात.” पण त्या गाडीचं इंजिन जेव्हा पहिल्यांदा धडधडलं, तेव्हा हातातलं पीठ तसंच ठेवून तीही दारात येऊन उभी राहिली होती.

मग ती सवयच झाली. एक गाडी बरी करायची, कुणा प्लंबरला, कुणा भाजीवाल्याला देऊन टाकायची, की लगेच दुसरी आजारी गाडी अंगणात. दिवसभर दुसऱ्यांची मापं घ्यायची आणि दुकान बंद केलं की मागे जाऊन गंज खरवडायचा, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून घासायचा, स्प्रिंगचे पाटे सोडवून त्यांना ग्रीस लावायचं. रंग तो बेताचाच द्यायचा, पण सीटची कव्हरं अशी शिवायचा की लोक दार उघडून आधी सीटवर हात फिरवायचे. प्रत्येक गाडीला नाव असे. एक ढेरपोटी होती, एक रडकी होती, कारण तिच्या काचेतून पाणी गळायचं. सध्या अंगणात होती ती थोरली, आजवरच्या सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत हट्टी.

त्याची खरी ख्याती मात्र कानाची. गाडी चालू झाली की तिची परीक्षा घ्यायची त्याची एक रीत होती. स्टेअरिंगवर मेहुण्याला बसवायचं, आपण शेजारच्या सीटवर बसायचं, तळहात डॅशबोर्डवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. रस्त्याला लागलं की मास्तर बोलायला लागे. “मागचं डावं बेअरिंग. क्लच उशिरा धरतोय. सायलेन्सरचा बोल्ट ढिला आहे.” मेहुणा शाळेची बस चालवायचा, त्याला गाड्यांतलं कळत होतं, आणि तोही मान डोलवायचा. कुणी विचारलं की मास्तर स्वतः का चालवत नाही, तर उत्तर तयार होतं. “जो चालवतो त्याचं लक्ष रस्त्यावर. गाडीचं ऐकायचं तर हात मोकळे हवेत.”

हे वाक्य इतकं गाजलं की मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिकसुद्धा गिऱ्हाइकाला स्टेअरिंगवर बसवून आपण शेजारी डोळे मिटून बसायला लागला. त्याला ऐकू काहीच यायचं नाही, एकदा तर तो झोपलाच, पण रीत म्हणून बसायचा.

आणि खरी गोष्ट एवढीच होती की मास्तरला गाडी चालवता येत नव्हती.

यात मोठं काही कारण नव्हतं. अपघात झाला होता, कुणी शपथ घातली होती, असलं काही नाही. वेळच्या वेळी शिकायचं राहून गेलं, बस. मग पहिली गाडी दुरुस्त झाली, लोक “मास्तर, मास्तर” करायला लागले, आणि आता “मला शिकवा” म्हणायचं कोणत्या तोंडाने, असं झालं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. एकदा त्याने अंगणातल्या अंगणात प्रयत्न केला होता. शिलाई मशीनच्या पायट्यावर दिवसभर न चुकता नाचणारे त्याचे पाय तीन पेडलं समोर येताच लाकडाचे झाले. गाडीने उडी मारली आणि पाण्याच्या टाकीला जाऊन भिडली. “हँडब्रेक सुटला,” त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि लोकांनी हँडब्रेकला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे अंगण खरंच जरा वाकडं होतं, म्हणून खपून गेलं.

हे गुपित बायकोला ठाऊक होतं आणि मेहुण्याला. बायकोने ते कधी भांडणातही बाहेर काढलं नाही. मेहुणा एकटा असला की चेष्टा करायचा. “दाजी, उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, तुम्ही शेजारच्या सीटवरून गाड्या हाकता.” मास्तर हसायचा. पण रस्त्याने कुणी पोरसवदा मुलगी एका हाताने स्टेअरिंग फिरवत सहज निघून गेली की त्याला आतून इतकं लाजल्यासारखं व्हायचं की तो उगाच खाली वाकून चपलेचा पट्टा बघायचा.

फाटकाच्या पलीकडे सुताराचं दुकान. सुतार आणि मास्तर यांची दोस्ती जुनी, अरे-तुरेची, रोज चहा एकत्र. थोरलीच्या हौद्याचा पत्रा तळातून पार खाऊन गेला होता, तर सुतार म्हणाला, “पत्रा कशाला मारतोस, फळ्या बसवू. माझ्याकडे चांगलं लाकूड पडलंय.” मास्तर नको नको म्हणाला, पण मनातून त्याला हवंच होतं. सुताराने मापं घेतली आणि आपली कामं बाजूला ठेवून फळ्या कापायला घेतल्या. तिकडे करवतीचं मशीन कुरकुरायचं आणि इकडे मास्तर गाडीच्या दिव्यांची वायरिंग करायचा. दोघांना एकमेकांच्या कामाचा आवाज ऐकू यायचा आणि बरं वाटायचं.

त्या दिवशी दुपारी मशीनचा आवाज मध्येच बदलला. मास्तरच्या कानाला तो लगेच कळला. लाकूड कापतानाचा तो आवाज नव्हता. पाठोपाठ सुताराच्या बायकोची किंकाळी आली.

मास्तर हातातला पाना टाकून धावला. सुतार जमिनीवर बसला होता, डावा हात उजव्याने धरून, आणि चेहरा भुशासारखा पांढरा. वहिनीने आपल्या ओढणीने हात गुंडाळला होता. डाव्या हाताची दोन बोटं मशीनने नेली होती. समोरच्या इस्त्रीवाल्याने डोकं शाबूत ठेवून ती उचलली, स्वच्छ कापडात बांधली आणि म्हणाला, “लवकर नेलं तर डॉक्टर जोडतात. मी ऐकलंय. मास्तर, गाडी काढा.”

“भाऊजी, गाडी काढा,” वहिनी म्हणाली.

गल्लीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. थोरली अंगणात उभी, इंजिन सकाळीच चालू करून पाहिलेलं, टाकीत डिझेल. मेहुणा या वेळी शाळेच्या फेरीवर. मास्तरची पाचावर धारण बसली. तो धावतच अंगणात गेला, पण स्टेअरिंगकडे न जाता पुढे गेला आणि त्याने बॉनेट उघडलं. आपण बॉनेट का उघडतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. वायरिंगच्या कामामुळे बॅटरीचं टर्मिनल सकाळी नुसतं वर बसवून ठेवलेलं होतं, पान्याने आवळायचं राहिलं होतं. त्याच्या पाठीमागे माणसं येऊन पोचायच्या आधी त्याच्या बोटांनी ते टर्मिनल पिळलं आणि वर उचललं.

“काय झालं?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“चालू होत नाहीये,” मास्तर म्हणाला.

“थांबा, मी सेल्फ मारतो, तुम्ही आत बघा.” आणि इस्त्रीवाला उडी मारून स्टेअरिंगवर बसला. त्याने चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. थोरली मुकी.

आता बघा, इस्त्रीवाल्याला गाडी चालवता येत होती. त्याने तरुणपणी दुधाची गाडी चालवलेली होती आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, मास्तरलाही. तो स्टेअरिंगवर बसलेला होता. मास्तरने टर्मिनल खाली दाबून “सापडलं” एवढं म्हटलं असतं तरी इस्त्रीवाला गाडी घेऊन सुटला असता, मास्तरची झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती आणि वर शाबासकी मिळाली असती. पण हे सगळं त्याला नंतर सुचलं. त्या वेळी भीतीला एकच रस्ता दिसत होता, गाडी बंद राहण्याचा. तो वायरींमध्ये हात घालून इकडची तिकडे करत राहिला. घाम टपटप इंजिनवर पडत होता आणि लोकांना वाटत होतं की मास्तर जिवाच्या आकांताने झटतोय.

“अहो, राहू द्या, गिरणीवाल्याचा टेम्पो आलाय,” कुणीतरी ओरडलं.

गिरणीवाल्याच्या तीनचाकी टेम्पोत पिठाची पोती होती. ती उतरवण्यात वेळ गेला. सुताराला त्यात बसवलं, वहिनी चढली, आणि शेवटी मास्तरही चढला. दवाखान्याच्या चढावर टेम्पोने दम तोडला. खाली उतरून ढकलणाऱ्यांत मास्तर सगळ्यांत पुढे होता. खांद्याचं कातडं सोलून निघेपर्यंत त्याने ढकललं. सुतार आतून त्याच्याकडे बघत होता आणि अर्धवट शुद्धीत म्हणत होता, “मास्तर, असू दे रे. दमशील.”

बोटं जोडता आली नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “थोडं आधी आला असता तर एखादं वाचलं असतं, बहुतेक.”

बहुतेक. हा शब्द मास्तरच्या डोक्यात घर करून बसला. डॉक्टरांनी नुसतं “वाचलं असतं” म्हटलं असतं तर तो कोसळला असता, “तरी काही उपयोग नव्हता” म्हटलं असतं तर सुटला असता. बहुतेकने त्याला ना मरू दिलं ना जगू दिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने हात धुवायला पाणी दिलं. ती त्या वेळी दळण घेऊन बाहेर गेली होती, तिला सगळं गल्लीतून कळलं होतं. “गाडीला ऐन वेळी झालं तरी काय?” तिने विचारलं.

“टर्मिनल निघालं होतं.”

“निघालं होतं?”

मास्तर बराच वेळ साबण चोळत राहिला. “काढलं,” तो म्हणाला. “मी.”

बायकोच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला आधार वाटला असता. “आजवर तुमची एक गोष्ट मी झाकली,” ती शेवटी म्हणाली. “त्यात कुणाचं काही जात नव्हतं. ही माझ्याजवळ ठेवू नका. मला वहिनीच्या तोंडाकडे बघायचंय रोज.”

“मग सांगणार तू?”

“मी कशाला सांगू? हात तुमचा होता.”

त्यानंतरचे दिवस मास्तरला खायला उठले. सुतार दवाखान्यातून घरी आला, आणि गल्ली त्याला भेटायला जाताना वाटेत मास्तरचंही सांत्वन करून जाऊ लागली. “मास्तर, तुम्ही तरी काय करणार. यंत्र आहे, ऐन वेळी दगा देतं.” इस्त्रीवाल्याने तर चारचौघांत सांगितलं, “मी डोळ्यांनी बघितलंय, माणूस रडकुंडीला आला होता.” चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मास्तरच्या मनात तर भर दुपार होती. कुणी गोड बोललं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला व्हायचं. तो शर्टांच्या बाह्या उलट्या जोडायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे खिसेच शिवून बंद केले.

त्याने थोरलीचं टर्मिनल पान्याने घट्ट आवळलं. इतकं घट्ट की बोल्टचे आटेच गेले.

सुताराकडे तो रोज जायचा. रोज सांगायचं ठरवून जायचा आणि रोज चहा पिऊन परत यायचा. कधी वहिनी समोर असायची, कधी पाहुणे, आणि एकदा तर कुणीच नव्हतं, तरी तो हवापाण्याचंच बोलून उठला. मग एका सकाळी सुतारच म्हणाला, “तुझी एक फळी राहिलीय रे. अर्धी कापून झाली होती. हात जरा बरा झाला की देतो पुरी करून.”

मास्तरला ते सहन झालं नाही.

“गाडी चालू होती,” तो म्हणाला.

सुताराला कळेना. “कुठली गाडी?”

“थोरली. त्या दिवशी. मी टर्मिनल काढलं. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. सगळ्यांसमोर ते कळेल म्हणून काढलं.”

बाहेर इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी शिंपडत होता, त्याचा फसफस आवाज येत होता.

“इस्त्रीवाला स्टेअरिंगवर बसला होता,” सुतार हळूहळू म्हणाला, हिशेब नीट लागतोय ना हे बघावं तसं.

“हो.”

“आणि तू समोर उभा होतास.”

“हो.”

“आणि टेम्पो ढकलत होतास.”

यावर मास्तरला हो म्हणता आलं नाही. सुताराने बँडेज केलेला हात मांडीवरून उचलून उशीवर ठेवला, जणू तो हात कुणा दुसऱ्याचा होता आणि त्याला त्रास होऊ द्यायचा नव्हता. “जा तू,” तो म्हणाला.

मास्तर घरी आला. बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याच्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं. त्याने ते तसंच परत सरकवलं.

आता गल्लीत बोंब होणार, अशी त्याने मनाची तयारी केली. इस्त्रीवाला येऊन थोबाडीत मारेल, वहिनी दारात येऊन बोलेल, निदान कुणी थुंकेल तरी. पण काहीच झालं नाही. वहिनी त्याच्याशी पहिल्यासारखीच बोलत होती. म्हणजे सुताराने तिलाही सांगितलं नव्हतं. तो कुणालाच बोलला नाही, आणि मास्तरशीही बोलला नाही. फाटकाशी समोरासमोर आले तर सुतार मान वळवायचा. दुपारचा चहा बंद झाला. सुताराने दवंडी पिटली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरला वाटायचं. दुसऱ्याने केलेली बदनामी सोसता येते, पण दुसऱ्याने झाकलेली लाज फार जड असते.

दोन गोष्टींपैकी एक तरी आपण उघडी करावी, असं त्याने ठरवलं. एक भाजीवाला आपली गाडी कान लावायला घेऊन आला, तेव्हा मास्तर फाटकात उभा राहून, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी शेजारी बसतो कारण मला चालवता येत नाही. बाकी त्यात कला वगैरे काही नाही.”

भाजीवाला हसला, मग त्याला कळलं की ही थट्टा नाही, आणि मग तो आणखी हसला. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. पोरं फाटकापाशी येऊन डोळे मिटून “मागचं डावं बेअरिंग” म्हणायला लागली. मोठ्या रस्त्यावरचा मेकॅनिक तर चिडलाच, कारण आता त्याला पुन्हा स्वतः गाडी चालवावी लागणार होती. मास्तरने सगळं ऐकून घेतलं. इतकी वर्षं ज्या हसण्याला तो घाबरत होता ते एवढंसंच निघालं. एका आठवड्यात लोकांना कंटाळा आला. याच्यासाठी, एवढ्याशा हसण्यासाठी सुताराची बोटं गेली, हे मनात आलं की त्याला मशीनवर पाय ठेवता यायचा नाही.

मग त्याने मेहुण्याला सांगितलं, “मला शिकव.”

“वरातीमागून घोडं, दाजी,” मेहुणा म्हणाला. पण मास्तरचं तोंड बघून त्याने पुढचं गिळलं.

शाळेच्या सुट्टीच्या दिवशी मेहुणा त्याला मोकळ्या मैदानावर घेऊन जायचा. मास्तरने आजवर कितीतरी क्लचप्लेटा हाताने बदलल्या होत्या. क्लच कुठे धरतो, का धरतो, कसा सुटतो, सगळं त्याला पाठ, पण ते पायापर्यंत पोचायला तयार नव्हतं. गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. मेहुण्याचं कपाळ काचेवर आपटायचं. “माझ्या बसमधली पोरं बरी,” तो कपाळ चोळत म्हणायचा. हळूहळू पहिला गिअर आला, मग दुसरा. तिसरा टाकताना मास्तरचा हात अडकायचा, वेग आला की त्याला त्या दुपारचा घाम फुटायचा. तो दुसऱ्यावरच मैदानाला फेऱ्या मारत राहायचा.

एका सकाळी तो थोरलीच्या हौद्यात बसून झाडत होता. बाकीच्या फळ्या बसल्या होत्या, मध्ये एका फळीची फट राहिलेली. ती त्याने मुद्दाम तशीच ठेवली होती. फाटक वाजलं. सुतार आत आला, काखेत फळी.

हौद्यात चढला, फळी फटीत ठेवून पाहिली, एका कडेला जरा रंधा मारला, पुन्हा ठेवली. डाव्या हाताची उरलेली बोटं त्याला अजून साथ देत नव्हती. स्क्रू धरायला गेला की सुटून खाली पडायचा. मास्तरने पडलेला स्क्रू उचलून धरला आणि सुताराने तो आवळला. दुसरा धरला, तोही आवळला. दोघांची डोकी जवळ होती, पण नजर फळीवर. काम झाल्यावर सुताराने तळहाताने फळीवरचा भुसा पुसला. काम चोख होतं. अर्धी कडा जुनी कापलेली होती आणि अर्धी नवीन, आणि जिथे ती जुळली तिथे मास्तरला बघवेना.

सुतार खाली उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. मास्तरच्या जागेवर.

“डॉक्टरने हात दाखवायला बोलावलंय,” तो म्हणाला. “गाडी काढ.”

मास्तर स्टेअरिंगवर बसला. फाटकात गाडी एकदा बंद पडली, रस्त्यावर आल्यावर पुन्हा पडली. गल्ली बाहेर आली. इस्त्रीवाला इस्त्री तशीच उभी करून धावत आला. “मास्तर, सरका, मी नेतो.”

मास्तरला त्याच्या तोंडाकडे बघता आलं नाही. सुतार खिडकीतून म्हणाला, “तोच नेईल.”

गाडी निघाली. मागून हॉर्न वाजत होते, सायकलवाले पुढे निघून जात होते, एका म्हाताऱ्याने तर हात दाखवून त्यांना आधी जायची खूण केली आणि मग बराच वेळ वाट पाहत उभा राहिला. मास्तर दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून नाकासमोर बघत होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

“याला तिसरा गिअर नाही का?” सुताराने विचारलं.

“गाडीला आहे. मला अजून नाही.”

सुतार हसला नाही. चढ आला, तोच, जिथे टेम्पो ढकलला होता. थोरली दुसऱ्यावरच घुरघुरत सहज चढून गेली, आणि वळणापलीकडे दवाखान्याचं फाटक दिसलं. मास्तरने ब्रेक दाबला, जरा जास्तच. गाडी हिसका देऊन थांबली.

सुतार उतरला नाही. त्याने मागे वळून काचेतून आलेला रस्ता पाहिला. चढाच्या खाली त्यांच्या गल्लीचा कोपरा दिसत होता, आणि इस्त्रीवाल्याची वाळत घातलेली चादर.

“एवढंच होतं,” तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. मास्तरला राग चालला असता. गावातल्या सगळ्यांत वाईट ड्रायव्हरने, दुसऱ्या गिअरमध्ये, दोनदा बंद पाडून आणलेली गाडी, आणि तरी एवढंच होतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माफीचा शब्द इतका लहान वाटला की तो त्याने तोंडातच ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला हात स्टेअरिंगवरून निघेना.

सुताराने दार उघडलं. ते थोरलीचं दार, जरा उचलून ढकलावं लागायचं. तीन बोटांच्या हाताने त्याला ते जमेना. मास्तर मदतीला सरकला, पण सुताराने खांद्याने ढकलून ते उघडलं आणि खाली उतरला.

“वेळ लागेल मला,” तो दाराशी उभा राहून म्हणाला. “इथेच थांब. परत न्यायचंय.”

“थांबतो,” मास्तर म्हणाला.

सुतार दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत गेला. मास्तरने गाडी बंद केली नाही. पुन्हा चालू झाली नाही तर, अशी धास्ती त्याला वाटली, आणि या वेळी ते सुताराला खरं वाटलं नसतं. शेजारच्या सीटवर त्याने स्वतः शिवलेलं कव्हर होतं, त्यावर सुताराच्या पँटवरचा थोडा भुसा सांडला होता. तो त्याने झटकला नाही. इंजिनचा आवाज ऐकत तो तिथेच, स्टेअरिंगवर, सुतार बाहेर येईपर्यंत बसून राहिला.